कुराण आणि बायबल : तराजू एकच ठेवा

आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक यादी फिरत होती. मथळा, 'कुराणातल्या हिंसक आयती'. खाली क्रमांक, प्रत्येक आयतीचा अर्धामुर्धा अनुवाद आणि शेवटी 'प्रत्येक ख्रिस्ती बांधवाने पुढे पाठवावे'. बऱ्याच जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले, काहींनी 'आमेन' लिहिलं. दोनेक आठवड्यांनी गावातल्याच दुसऱ्या एका ग्रुपवर आणखी एक यादी आली. मथळा, 'बायबलमधील हिंसा'. तीच मांडणी, तसेच तोडलेले अनुवाद, शेवटी तोच आग्रह. फक्त पुस्तक बदललं होतं, आणि या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात आपण होतो.

म्हणून हे लिहितोय. मी जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती आहे. धर्मशास्त्र शिकलेला नाही, तालुक्याच्या गावातला साधा पत्रकार आहे. दोन ग्रंथांची तुलना करूच नये असं माझं म्हणणं नाही. करावी, जरूर करावी. पण ख्रिस्ती माणसाने ती कशी करावी, याबद्दल थोडं बोलायचंय. पोस्ट मोठी झालीय, सवडीने वाचा.

पहिला मुद्दा आमच्या व्यवसायातलाच. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, माणसाचं वाक्य अर्धं तोडून छापायचं नाही. या याद्यांचा सगळा खेळ तोडण्यावरच चालतो.

मुसलमानांविरुद्धच्या प्रत्येक यादीत बहुतेक वर असते ती नवव्या सूरेतली पाचवी आयत. अनेक देव मानणाऱ्यांना सापडतील तिथे मारा, एवढाच तिचा आशय सांगतात. आता चौथी आयत उघडा. ज्यांनी तुमच्याशी केलेला करार मोडलेला नाही, त्यांच्याशी करार मुदतीपर्यंत पाळा, असं तिथे आहे. आणि सहावीत, त्या लोकांपैकी कुणी आश्रय मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित जागी पोचवा, असं सांगितलंय. विषय आहे करार मोडणाऱ्या अरब टोळ्यांशी चाललेल्या युद्धाचा. या आयतीची व्याप्ती किती, यावर मुस्लिम भाष्यकारांमध्येही शतकानुशतकं मतभेद आहेत. ही आयत पुढे करून माणसं मारणाऱ्या संघटना जगात आहेत, हे मी नाकारत नाही. पण गंमत बघा, त्यांनाही चौथी आणि सहावी आयत नकोच असते. यादी बनवणारा आणि बंदूक चालवणारा, दोघांची वाचायची पद्धत एकच.

आता आपल्याकडे बघू. 'बायबलमधील हिंसा' या यादीत लूकच्या शुभवर्तमानातल्या एकोणिसाव्या अध्यायाचं सत्ताविसावं वचन होतं. माझ्या वैऱ्यांना आणून माझ्यासमोर ठार करा, अशा अर्थाचं. यादीत लिहिलं होतं, येशूची आज्ञा. रविवारच्या शाळेतला पोरगासुद्धा सांगेल की ही आज्ञा नाही. येशू एक दाखला सांगतोय आणि ते वाक्य दाखल्यातल्या राजाच्या तोंडी आहे. वाचून राग आला ना? मलाही आला. नेमका हाच राग आपल्या शेजारच्या मुसलमानाला नवव्या सूरेच्या फॉरवर्डवर येतो.

आणि सगळ्याच ठिकाणी 'मागचं-पुढचं वाचा' म्हणून सुटका होत नाही, हेही मान्य करू. पहिल्या शमुवेलच्या पंधराव्या अध्यायात शौल राजाला अमालेकी लोकांचा संहार करायची आज्ञा आहे. त्यात बायका आहेत, तान्ही मुलंही आहेत. संदर्भ वाचला तरी ते वचन कठीणच राहतं. आपण काय म्हणतो? की संपूर्ण शास्त्र ख्रिस्ताच्या प्रकाशात वाचायचं, आणि त्याने तर वैऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय. हे बरोबरच आहे, मीही तसंच वाचतो. मात्र स्वतःच्या कठीण वचनांसाठी अर्थ लावायची मुभा आपल्याला हवी असेल, तर समोरच्याच्या ग्रंथाचा अर्थ त्याच्या परंपरेतले अभ्यासक कसा लावतात, हेही ऐकून घ्यावं लागेल. आपलं धान्य एका मापाने आणि शेजाऱ्याचं दुसऱ्या मापाने, हे आपल्याच शास्त्रात निषिद्ध आहे.

हा दोन मापांचा प्रकार काही व्हॉट्सॲपने आणलेला नाही. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला दोन दिवस एक मोठा जाहीर वाद झाला. एका बाजूला कार्ल फांडर हे जर्मन मिशनरी आणि त्यांच्या मदतीला थॉमस फ्रेंच, जे पुढे लाहोरचे पहिले बिशप झाले. दुसऱ्या बाजूला कैरानाचे मौलाना रहमतुल्ला आणि त्यांच्यासोबत डॉ. वजीर खान. फांडर यांचं 'मीजानुल हक' हे पुस्तक तेव्हा गाजत होतं. मीजान म्हणजे तराजू. त्यात त्यांनी इस्लामची कसून चिकित्सा केली होती. रहमतुल्ला तयारीनिशी आले. युरोपातल्याच विद्वानांनी बायबलची जी चिकित्सा केली होती, ती डॉ. वजीर खान यांच्या मदतीने त्यांनी समोर मांडली. फांडर यांना त्याची अपेक्षा नव्हती. हस्तलिखितांमध्ये काही ठिकाणी नकलाकारांच्या चुका शिरल्या आहेत, हे त्यांनी कबूल केलं, पण त्याने मूळ शिकवणीला धक्का लागत नाही, असं ते म्हणाले. मुस्लिम बाजूने विजय जाहीर केला. पुढचे विषय चर्चेला आलेच नाहीत.

गोष्ट तिथे संपली नाही. १८५७ नंतर रहमतुल्ला मक्केला गेले आणि पुढे त्यांनी 'इजहारुल हक' हा अरबी ग्रंथ लिहिला. गुजरातेतल्या ताडकेश्वरमध्ये जन्मलेले आणि दक्षिण आफ्रिकेत वाढलेले अहमद दीदात यांच्या हाती तरुणपणी तो ग्रंथ लागला, आणि पुढची अनेक वर्षं त्यांनी जगभर ख्रिस्ती वक्त्यांशी जाहीर वाद केले. आज यूट्यूबवर दोन्ही बाजूंचे जे 'सडेतोड उत्तर'वाले व्हिडिओ दिसतात, त्यांची वंशावळ अशी आग्र्यापर्यंत जाते. पावणेदोनशे वर्षं झाली. दोन्हीकडे टाळ्या भरपूर पडल्या, समजूत किती वाढली ते आपण बघतोच आहोत.

आग्र्याच्या वादातून मला एक गोष्ट मात्र नीट कळली. फांडर यांची कबुली दोन बाजूंना दोन वेगळ्या अर्थांनी ऐकू आली. नकलेत चुका आहेत म्हटल्यावर मुस्लिम श्रोत्यांच्या लेखी निकाल लागला. फांडर यांच्या लेखी मात्र फार काही बिघडलं नव्हतं. असं का व्हावं? कारण ही दोन पुस्तकं एकाच जातीची नाहीत.

मुसलमानाच्या श्रद्धेनुसार कुराण म्हणजे पैगंबरांवर साधारण २३ वर्षांत, अरबी भाषेत, शब्दशः उतरलेली अल्लाची वाणी. ११४ सूरा. अनुवाद हा फक्त अर्थ समजण्यापुरता, मूळ अरबी तेच कुराण. म्हणून लहान लहान मुलं ते अख्खं पाठ करून हाफिज होतात.

बायबल तसं नाही. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ६६ पुस्तकं, कॅथलिकांकडे ७३. लिहिणारे अनेक, काळ शेकडो वर्षांचा, भाषा हिब्रू, थोडी अरामी आणि ग्रीक. त्यात इतिहास आहे, गाणी आहेत, पत्रं आहेत. येशूची एकच हकिकत चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलीय. येशू अरामी बोलत असे आणि शुभवर्तमानं आहेत ग्रीकमध्ये, म्हणजे आपला नवा करार जन्मापासूनच भाषांतरात जगतोय. मार्कच्या शेवटच्या बारा वचनांबद्दल बायबलच्या अनेक आवृत्त्यांत तळटीप असते की जुन्या प्रतींत ती नाहीत. आपण ती टीप लपवत नाही, उघड छापतो.

आणि मुख्य म्हणजे, ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा शब्द पुस्तक होऊन आलेला नाही, माणूस होऊन आला. बायबल त्याची साक्ष देतं. त्यामुळे अभ्यासक सांगतात की मुसलमानासाठी जी जागा कुराणाची, ती आपल्यासाठी बायबलची नसून खुद्द ख्रिस्ताची आहे. हे ध्यानात घेतलं की 'कुणाच्या पुस्तकात जास्त चुका' ही स्पर्धाच गैरलागू ठरते. आपण ती खेळायला उतरतो, तेव्हा स्वतःची श्रद्धाही चुकीची मांडत असतो.

मग तुलना करायची कशी? एक उदाहरण देतो. योसेफाची गोष्ट दोन्हीकडे आहे. आपल्याकडे उत्पत्तीच्या ३७ व्या अध्यायापासून, कुराणात बारावी सूरा, १११ आयती. उत्पत्तीत भाऊ बकऱ्याच्या रक्तात बुडवलेला झगा बापापुढे टाकतात. याकोब फसतो, कपडे फाडून रडतो. कधीकाळी त्यानेही बकऱ्याचीच कातडी हाताला गुंडाळून आपल्या आंधळ्या बापाला फसवलं होतं, हे वाचकाला आठवत असतं. कुराणात याकूब फसत नाहीत. ही तुम्ही रचलेली गोष्ट आहे, असं मुलांना सांगून ते धीर धरतात. पुढे धन्याची बायको आळ घेते, तेव्हा उत्पत्तीत योसेफाचं वस्त्र त्याच्याविरुद्ध खोटा पुरावा ठरतं. कुराणात युसूफचा सदरा मागून फाटलेला निघतो आणि तोच त्यांच्या निर्दोषपणाचा पुरावा ठरतो.

यात कोण बरोबर, कुणी कुणाचं उचललं, हे भांडण बाजूला ठेवून बघा, काय दिसतं? कुराणातले पैगंबर अनुकरण करावं असे आदर्श आहेत. बायबलमधले पूर्वज खोटं बोलतात, घाबरतात, पडतात, आणि देव त्यांना सोडत नाही. ही दोन वेगळी सांगणी आहेत. मला दुसरी जवळची वाटते, कारण मी स्वतः आदर्श नाही. पण हे म्हणण्यासाठी पहिलीला शिवी द्यायची गरज पडली नाही.

याचा अर्थ 'सगळे धर्म सारखेच' असं मी म्हणतोय, असं समजू नका. सारखे नाहीत. कुराणात नाव घेऊन उल्लेख झालेली एकमेव स्त्री म्हणजे मरयम, आपली मरीया. एकोणिसावी सूरा तिच्याच नावाची आहे. येशूला तिथे मसीहा म्हटलंय, त्याचा कुमारिकेपासूनचा जन्म मान्य केलाय. हे आपल्यातल्या कितीतरी जणांना ठाऊकच नसतं. पण तेच कुराण येशूला देवाचा पुत्र मानत नाही, आणि चौथ्या सूरेत त्याला वधस्तंभावर मारल्याचं नाकारतं. इथे वाटा फुटतात आणि हा फरक किरकोळ नाही. बहुसंख्य मुसलमानांची श्रद्धा अशी की अल्ला आपल्या पैगंबराची अशी विटंबना होऊ देणार नाही. आपली श्रद्धा अशी की देवाने ती विटंबना स्वतःवर घेतली. पिलाताच्या काळात ख्रिस्ताला देहदंड झाल्याचं टॅसिटस हा रोमन इतिहासकारही लिहून गेलाय, आणि त्याला ख्रिस्ती लोकांबद्दल अजिबात प्रेम नव्हतं. मी इथे ठाम आहे. वधस्तंभ काढला तर माझ्या श्रद्धेत फारसं काही उरत नाही. माझ्या मुसलमान मित्रालाही हे मी सांगतो आणि तो त्याचं म्हणणं तेवढ्याच ठामपणे सांगतो.

ईदला शीरखुर्मा आणि नाताळाला करंज्या पोचवणं चांगलंच, ते चालू राहू दे. पण फॉरवर्ड आलं की ते तेवढ्यावर टिकत नाही, हे आपण पाहिलंय. टिकतं ते एकमेकांचं म्हणणं नीट माहीत असलं तर. कुराणाचे अनुवाद मराठीत मिळतात, निदान यूसुफ आणि मरयम या दोन सूरा वाचा. अडलं तर मशिदीतल्या मौलानांना विचारा. पाळकांनीही एखाद्या रविवारी संदेशात हा विषय घ्यावा, कारण तरुण पोरं आज हे सगळं मोबाइलवरूनच शिकतायत.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आपल्या दहा आज्ञांपैकी एक. तिथे शेजाऱ्याचा धर्म लिहिलेला नाही. अर्धी तोडलेली आयत पुढे पाठवणं ही खोटी साक्षच आहे, मग ती ख्रिस्ताच्या नावाने पाठवा की कुणाच्याही.

पटलं नाही तर खाली जरूर लिहा, मी वाचतो. फक्त शिव्या नकोत, आणि यादी तर नकोच नको.