पाहणाऱ्यांचा रकाना कुठे आहे?

वसतिगृहात मारहाण झाली की समिती बसते, जबाब होतात, अहवालात तक्रारदार आणि आरोपी येतात. शेजारच्या खाटेवरून सगळे पाहिलेल्या मुलाचा जबाब घेतला जातो आणि त्याला पुन्हा त्याच खोलीत झोपायला पाठवतात. समुपदेशक वाचकांच्या पत्रांत ही तक्रार वारंवार येते: त्यांच्याकडे पाठवले जातात ते फक्त मार खाल्लेले आणि मारणारे.

हे शास्त्राला धरून नाही. डीएसएम-५ मधल्या पीटीएसडीच्या ‘अ’ निकषात घटना प्रत्यक्ष पाहणेही बसते. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत साक्षीदाराने पुढे यावे आणि त्याची ओळख गुप्त राहावी, असे म्हटले आहे. पण जबाब दिल्यावर त्याची झोप उडाली, वर्गात लक्ष लागेना, तर ते विचारायचे कोणी?

पडलेल्यांची आठवण आपण ठेवतो, पाहणाऱ्यांची नाही. पानिपतच्या काला अंब स्मारकावर दर १४ जानेवारीला १७६१ च्या युद्धात पडलेल्यांना मानवंदना दिली जाते. महाराष्ट्रातूनही माणसे तिथे जातात. त्याच हरियाणात फेब्रुवारी २०१६ च्या जाट आरक्षण आंदोलनात तीसच्या आसपास बळी गेले, रोहतकला संचारबंदी लागली, लष्कर आले. जळालेल्या दुकानांचा हिशेब लागतो. त्या दिवसांत वसतिगृहात अडकलेली मुले कुठल्या पंचनाम्यात येणार? ५ जानेवारी २०२० ला तोंडे झाकलेला जमाव काठ्या आणि सळया घेऊन जेएनयूच्या वसतिगृहांत शिरला. तीसहून अधिक जखमी एम्समध्ये गेले, त्यांची मोजदाद झाली. आतून कडी लावून बसलेल्यांची झाली नाही.

घटनेनंतर महाविद्यालये काय करतात? सगळ्यांना सभागृहात बसवून पाहुण्यांचे व्याख्यान ठेवतात, फोटो काढतात, अहवालाला जोडतात. एकाच बैठकीत सर्वांकडून घटना वदवून घेण्याची पद्धत उपयोगाची नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने केव्हाच सांगितले आहे. तरीही परिपत्रक निघते आणि समुपदेशकही निमूटपणे माइक हातात घेतात. हे थांबले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या सुकदेब साहा निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितले. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यायलाही सांगितले. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक भिंतीवर लावून ही जबाबदारी संपत नाही. नेमलेल्या माणसाला बसायला दार लावता येईल अशी खोली लागते, आणि चौकशी समितीकडून साक्षीदारांची यादी पहिल्याच आठवड्यात मिळावी लागते. महिनाभराने मिळाली तर तीव्र ताण विकृतीचा काळ उलटून गेलेला असतो.

म्हणून समुपदेशकांनी आता गप्प राहू नये. ‘त्या वेळी खोलीत आणखी कोण होते?’ हा प्रश्न स्वतःच्या नोंदपत्रात आजच घालावा. साक्षीदारांना ऐच्छिक आणि गोपनीय भेट मिळावी, तिचा चौकशीशी संबंध नसावा, अशी लेखी मागणी प्राचार्यांकडे करावी आणि आवक क्रमांक घ्यावा. नकार आला तर तोही लेखी मागावा. अशा नकारांच्या प्रती, विद्यार्थ्यांची नावे गाळून, संपादकांकडे पाठवाव्यात. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.