रेघ किती लांब?

ऑफिसच्या भिंतीवर निऑन साइन लावायची टूम निघाली की डिझाइन माझ्या गळ्यात पडतं. अक्षरं झोकात वळतात, पण साइनवाला एकच विचारतो, ‘मॅडम, पट्टी किती फूट?’ कारण रेट फुटावर! आता वळणाला फूटपट्टी कशी लावणार?

तर बॉस, सॉफ्टवेअरलाच विचारा. इलस्ट्रेटरच्या विंडो मेन्यूत ‘डॉक्युमेंट इन्फो’ उघडा, ‘ऑब्जेक्ट्स’ निवडा. सिलेक्ट केलेल्या पाथची लांबी हजर! इंकस्केप तर फुकट. तिथे एक्स्टेन्शन्समध्ये ‘व्हिज्युअलाइज पाथ’खाली ‘मेझर पाथ’ आहे.

ही बेझिए वळणं १९६०च्या दशकात रेनो कंपनीत गाड्यांच्या बॉडीसाठी वापरात आली. त्यांच्या लांबीचं सरळसोट सूत्र नाही. सॉफ्टवेअर बारीक तुकडे पाडून बेरीज करतं. उत्तर मात्र कामापुरतं पक्कं.

फक्त एक सांभाळा. टाइप केलेल्या अक्षराचा पाथ केला की मिळते त्याची कडा, म्हणजे दोन्ही बाजूंची रेघ. ती मोजली तर लांबी साधारण दुप्पट, बिलही दुप्पट! म्हणून अक्षराच्या मधोमध पेन टूलने एकच रेघ ओढा, तीच मोजा. डिझाइन खऱ्या मापात आहे ना, तेही बघा. मग भाव करायला बिनधास्त जा!