संसारांतील हिशेब : गाडीच्या तेलाची वही

समईंत तेल किती आहे हें पाहिल्यावांचून आपल्या घरांतील वडील स्त्रिया सायंकाळीं वात पेटवीत नाहींत. तेल उणें दिसलें तर घालतात, आणि नेहमींपेक्षां लवकर संपलें तर समई कोठें गळते कीं काय, हेंहि पाहतात. परंतु त्याच घराच्या दारांत जी गाडी उभी असते, तिच्या एंजिनांतील तेलाकडे दोन बदलींच्या मध्यंतरीं कोणी ढुंकूनहि पाहत नाहीं. दहा हजार किलोमीटर झाले कीं तेल बदलावयाचें आणि तोंपर्यंत त्याची आठवण करावयाची नाहीं, अशी सुशिक्षितांचीहि समजूत असते. आमची स्वतःची समजूत कालपरवांपर्यंत अशीच होती, हें प्रथमच कबूल करतों. या समजुतीपायीं पैसा तर जातोच. पण एका निरपराध माणसाची अब्रूहि कशी जाण्याच्या बेतांत होती, तें आम्हीं तिरोड्यास पाहिलें.

तिरोडा हें गोंदिया जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव, नागपूर-गोंदिया लोहमार्गावरचें. सभोंवारचा मुलूख धानाचा. २०१२ पासून तेथें मोठें औष्णिक वीजकेंद्र चालू झालें व रस्त्यावर वाहनांची वर्दळ वाढली. तरी हंगामांत डोळ्यांत भरतात तीं धानाचीं पोतीं, आणि तीं वाहणाऱ्या लहान मालमोटारी. त्यांना तेथें लहानथोर सर्वजण 'पिकअप' म्हणतात. आमच्या मावशींचे चिरंजीव शेती पाहून अशी एक पिकअप बाळगून आहेत. तीसेक किलोमीटरांवरील गोंदियाच्या गिरण्यांत धान पोंचवावयाचें व परततांना दुकानदारांचा किराणा आणावयाचा, हा तिचा नित्यक्रम. आणि दोन नातवंडांच्या शिक्षणाचा बराचसा खर्च तिच्याच भाड्यावर चालतो.

होळीच्या सुमारास आम्ही त्यांच्या घरीं गेलों, तों घरांत एक प्रकारचें अवघडलेपण जाणवलें. चौकशी करतां कळलें तें असें : दिवाळींत आणलेला तेलाचा पांच लिटरांचा डबा होळीपूर्वींच रिता झाला होता. एंजिनाचें तेल बदलण्याची पाळी अद्यापि आलेली नव्हती. हा सर्व डबा वरचेवर भर घालण्यांतच गेलेला. त्यांत एका गॅरेजवाल्यानें सहज उद्गार काढले कीं, "हें एंजिन एवढें तेल खात नाहीं, तुमचा डबाच कोणी खात असेल." झालें! संशय जावयास दुसरें माणूस कोणतें? नऊ वर्षें गाडी चालविणारा गाडीवानच. त्याला विचारतां तो एवढेंच म्हणाला, "भाऊ, तेल गाडीतच घातलं जी मी. विश्वास नसेल तर चावी ठेवून घ्या." आणि चावी खरोखरच फडताळावर येऊन पडली होती.

मावशी एकेकाळीं कन्याशाळेंत गणित शिकवीत. त्या चिरंजीवांस म्हणाल्या, "अरे, चोर ठरवायच्या आधी माप तरी घे. डब्यांत किती होतं, गाडींत किती गेलं, गाडी किती चालली, यांतलं तुला एक तरी ठाऊक आहे का?" चिरंजीव निरुत्तर झाले. चावी गाडीवानास परत देण्यांत आली, आणि त्याच दिवशीं मावशींनीं नवी वही घालून तींत रकाने आंखले : तारीख, गाडीचे किलोमीटर, पट्टीवरील खूण, घातलेलें तेल, भरलेलें डिझेल आणि त्या टप्प्यांत गाडी कोणी चालविली.

बहुतेक एंजिनांस तेलाची उंची दाखविणारी एक पट्टी असते. मिस्त्री लोक तिला डिपस्टिक म्हणतात. तिच्यावर वरची व खालची अशा दोन खुणा असतात; या पिकअपच्या माहितीपुस्तकाप्रमाणें दोन खुणांमधील अंतर एक लिटराचें होतें. मावशींचा नियम असा कीं, माप घ्यावयाचें तें सकाळीं, गाडी सुरू करण्यापूर्वीं, आणि नेहमीं फाटकापुढील सपाट फरशीवरच. पट्टी बाहेर काढावी, स्वच्छ फडक्यानें पुसावी, पूर्ण आंत सारावी व पुन्हा काढून दोन्ही बाजूंनीं पहावी. उतारावर गाडी असेल तर तेल एका अंगास सरकतें आणि पट्टी खोटें सांगते. गाडी नुकतीच थांबविली असेल तर बरेंचसें तेल अजून एंजिनाच्या वरच्या भागांत असतें. शिवाय उष्णतेनें तेल फुगतें. सहा लिटर तेल साठ अंशांनीं तापलें तर सुमारें पाव लिटरानें वाढतें. म्हणजे आज सकाळीं थंड एंजिनाचें माप व पुढल्या वेळीं दुपारीं तापलेल्या एंजिनाचें माप घेणाऱ्यास पाव लिटराचा फरक केवळ हवेंतून मिळेल! कांहीं कारखानदार तापल्या एंजिनाचें माप घ्यावयास सांगतात. तेथें त्यांचें ऐकावें. मुख्य गोष्ट ही कीं, प्रत्येक वेळीं परिस्थिति एकच असावी.

पट्टी केवळ अंदाज देते. खरा हिशेब घातलेल्या तेलाचा. म्हणून दर हजार किलोमीटरांच्या सुमारास तेल बरोबर वरच्या खुणेपर्यंत आणावयाचें आणि त्यास किती लागलें तें टिपावयाचें. मोजण्यासाठीं मावशींनीं स्वयंपाकघरांतील काटा घेतला. डबा आधीं तोलावा, घातल्यावर पुन्हा तोलावा. उणें येईल तें एंजिनांत गेलें. एक लिटर तेलाचें वजन सुमारें ८७० ग्रॅम भरतें, तेव्हां वजनावरून मिलिलिटर काढणें हें पांचव्या इयत्तेच्या मुलाचें काम. आणि तें काम धाकट्या नातवानेंच केलें. डबा मावशींच्या कपाटांत, किल्ली त्यांच्या कमरेला.

पुढें महिन्याभरानें त्या वहीच्या पानाचें छायाचित्र मावशींनीं आम्हांस मोबाइलवर पाठविलें. पहिल्या टप्प्यांत गाडी १,००० किलोमीटर चालली व ३५० ग्रॅम तेल लागलें. दुसऱ्यांत १,०४० किलोमीटर व ३७० ग्रॅम. तिसऱ्या टप्प्यांत गाडीवान भावाच्या लग्नासाठीं रजेवर गेला होता. गाडी चिरंजीवांनीं स्वतः चालविली. ९८० किलोमीटर झाले आणि ३४० ग्रॅम तेल लागलें. तिन्ही मिळून ३,०२० किलोमीटरांस १,०६० ग्रॅम, म्हणजे दर हजारीं सुमारें ४०० मिलिलिटर. गाडीवान असो वा मालक असो, तेल सारखेंच जात होतें. चोर एंजिनांतच बसलेला होता!

आतां तेल जात होतें कोठें? खालीं फरशीवर थेंब नव्हता. तेव्हां दुसऱ्या एका मिस्त्रीनें हवेचा मार्ग तपासला. एंजिन जी हवा ओढतें ती गाळणींतून, म्हणजे एअर फिल्टरमधून, यावी लागते. गाळणी व एंजिन यांमधील रबरी नळीस खालच्या अंगानें चीर पडली होती, आणि नळीच्या आंत बारीक धुळीचा थर बसला होता. गिरणीच्या आवारांत धानाचा तूस व धूळ यांचें साम्राज्य असतें. रस्त्याच्या धुळींत वाळूचा अंश असतो, आणि तूस जाळला असतां जी राख उरते तिचाहि बहुतेक भाग वाळूचेंच द्रव्य, म्हणजे सिलिका, असतो. अशी न गाळलेली धूळ आंत गेली कीं पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत कानशीनें घासावी तशी झिजते. मग रिंगांस भिंतीवरील तेल पुसून खालीं आणतां येत नाहीं. तें वर चढतें व डिझेलबरोबर जळून जातें.

नळी व गाळणी तत्काळ बदलली. झिजलेल्या रिंगा नळी बदलून भरून येत नाहींत. परंतु पुढील झीज थांबते. एंजिन उघडण्याचा मोठा खर्च आज करावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न वहीमुळेंच सुटला. कांहीं कारखानदार हजार किलोमीटरांस अर्धा ते एक लिटरपर्यंतचा खर्च मर्यादेंतला मानतात, जरी चांगलें एंजिन त्याहून पुष्कळ कमी खातें. तेव्हां आंकडा चारशेंवर स्थिर राहील तोंवर भर घालीत चालवावें आणि चढूं लागला तर एंजिन उघडावें, असें ठरलें.

या आंकड्यांतून वाचकांनीं एक हिशेब स्वतः करून पहावा. हजारीं ४०० मिलिलिटर या दरानें दोन खुणांमधील लिटरभर तेल अडीच हजार किलोमीटरांत संपतें, आणि तेल बदलण्याची पाळी येते दहा हजारांवर! मधल्या काळांत पाहणाराच कोणी नसेल तर काय होईल? कित्येक म्हणतील, तेल संपत आलें कीं तांबडा दिवा लागतोच. येथें मोठी चूक आहे. तो दिवा बहुधा तेलाची उंची दाखवीत नाहीं, दाब दाखवितो. आणि दाब कोसळला म्हणजे धातूवर धातू घासण्यास आरंभ झालेला असतो. दिवा लागतांच गाडी उभी करून एंजिन बंद करणें एवढेंच हातीं राहतें.

आणखी चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. धूर निळसर असेल तर तेल जळत आहे असें समजावें. काळा धूर हा डिझेल नीट न जळल्याचा. तेल वरच्या खुणेपलीकडे घालूं नये. अतिरिक्त तेल घुसळून फेंसाळतें व सीलांवर ताण पडतो. पट्टीवरील तेल न घालतां वाढलेलें दिसलें तर आनंद मानूं नये : त्यांत डिझेल किंवा पाणी मिसळत आहे, आणि दुधासारखा रंग दिसल्यास पाणी असल्याचा संशय घ्यावा. आणि ज्या नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळीची गाळणी असते, त्यांत जळलेल्या तेलाची राख कायमची सांचते. काजळी जाळतां येते, राख जाळतां येत नाहीं. म्हणून तेथें पुस्तकांत सांगितलेलें कमी राखेचेंच तेल घालावें.

मावशींच्या वहींत डिझेलचा रकाना कां, असें आम्हीं विचारलें होतें. त्या म्हणाल्या, गिरणीपुढें रांगेंत गाडी तासन् तास चालू ठेवली तर किलोमीटर वाढत नाहींत, पण एंजिन राबतच असतें. अशा वेळीं शंभर लिटर डिझेलमागें तेल किती गेलें हें माप अधिक खरें. गणिताच्या शिक्षिकेस हें सुचावें यांत नवल नाहीं. पण ज्यांची गाडी रिकामी कमी आणि रांगेंत अधिक उभी असते, त्या सर्वांनीं हा रकाना घालावा.

तेल गेलें, तूप गेलें, हातीं धुपाटणें आलें, ही म्हण आपण निष्काळजी माणसास लावतों. तिरोड्याच्या त्या घरीं तेल तर जात होतेंच. त्याबरोबर नऊ वर्षांचा विश्वासहि जाणार होता. तो वांचला तो सहा रकान्यांच्या एका वहीमुळें. गाडीवान लग्नाहून परतला त्या दिवशीं चिरंजीवांनीं त्यास ओसरीवर बसविलें, वही पुढें ठेवली आणि "माझं चुकलं" असें सर्वांदेखत म्हटलें. त्यानें वही चाळली, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "आतां हे रकाने मीच भरत जाईन जी, आई." तेव्हांपासून तो भरीत आहे.