भागीची खिडकी

‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण व्यापारी घराण्यांना नवी नाही. घोड्यावर बसायला सर्वजण येतात. त्याच्या पाठीची जखम धुण्याचे काम मात्र दुसरा भागीदार करील, असे प्रत्येकजण गृहीत धरतो. आता घोड्याच्या जागी वाहन आले आहे, एवढाच काय तो फरक.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि प्रसाधनगृहाची सोय असलेले हे वाहन घरचे अन्न आणि उकळलेले पाणी यांचा आग्रह धरणाऱ्या कुटुंबांना विशेष सोयीचे वाटते. कोलशेत येथील अशाच एका व्यापारी कुटुंबाचे उदाहरण घेता येईल. दोन बंधूंनी निम्म्या-निम्म्या भागीत कॅरॅव्हॅन घेतली. मे महिन्यात त्यांच्या आईच्या लक्षात आले की, प्रवेशदाराची खिडकी बोटभर खाली घसरली असून वरच्या कडेला फट पडली आहे. तिने दोघांनाही सांगितले. थोरल्याला वाटले, धाकटा पाहील. धाकट्याला वाटले, दादांनी गॅरेजला कळवले असेल. पुढे पाऊस सुरू झाला. ठाण्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि वाहन सोसायटीच्या उघड्या आवारात उभे होते.

जुलैत प्रवासाचा दिवस ठरला. निघण्यास दोन दिवस उरले असताना दार उघडताना सहा वर्षांच्या नातवाने त्याच चौकटीला धरले आणि ती हातात आल्यासारखी हलली. थोरले बंधू म्हणाले, “बाहेरून सिलिकॉन फिरवून घेऊ, परत आल्यावर पाहता येईल.” धाकटा म्हणाला, “दादा, काच कशावर टेकली आहे हे पाहिल्याशिवाय मुलांना त्या दाराशी बसवायचे नाही.” अखेर आईच्या सांगण्यावरून कापूरबावडीकडच्या एका जाणत्या कारागिराला बोलावण्यात आले.

कारागिराने प्रथम काचेला हात लावला नाही. त्याने बाहेरून रुंद चिकटपट्ट्या लावून खिडकी दाराला बांधून घेतली. या दारांची रचना समजून घेतली तर त्याचे कारण कळते. चालकाच्या दाराची काच दाराच्या पोकळीत वर-खाली सरकते. ती घसरली तर दोष बहुधा तिला उचलणाऱ्या यंत्रणेत असतो. कॅरॅव्हॅनच्या प्रवेशदाराची खिडकी सहसा निराळी असते. तिला बाहेरची व आतली अशा दोन चौकटी असतात. दाराचा पत्रा किंवा फायबर, मधला फोम आणि आतले प्लाय या चौकटींच्या चिमट्यात धरलेले असतात, आणि तो चिमटा आवळणारे स्क्रू आतून, बीडिंगच्या पट्टीखाली झाकलेले असतात. दार दररोज आपटले जाते, रस्त्यावर खड्डे लागतात, आणि स्क्रू कणाकणाने सैल होतात. म्हणजे काच शाबूत असते. तिला धरणारा आधार सुटलेला असतो.

पट्टी काढताच ते दिसले. खालच्या बाजूचे तीन स्क्रू गंजले होते, दोघांचे आटे गेले होते. एकाने बाहेरून आणि दुसऱ्याने आतून धरून खिडकी उतरवली. खालचे प्लाय एका कोपऱ्यात फुगलेले होते. वरच्या फटीतून आलेले पाणी तेथे साचत होते. आणखी एक पावसाळा गेला असता तर दाराने आकार सोडला असता, कुलूप बसेनासे झाले असते आणि खिडकीऐवजी संपूर्ण दार बदलावे लागले असते. बाहेरून सिलिकॉन भरले असते तर सुटलेला आधार तसाच राहिला असता. शिवाय त्याचा अंश राहिलेल्या जागेवर पुढे दुसरा कोणताही सांधा नीट चिकटत नाही.

दुरुस्ती साधीच होती, परंतु क्रमाने करावी लागली. जुना चिकट थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून जागा पुसली. ओले प्लाय एक दिवस पूर्ण वाळू दिले. कुजलेला तुकडा कापून नवा बसवला. बाहेरच्या चौकटीला सलग ब्यूटाइल टेप लावली. ही टेप कडक होत नाही, म्हणून दाराबरोबर हलते. काच धातूवर टेकू नये यासाठी तिच्याखाली रबराचे दोन ठोकळे ठेवले. आटे गेलेल्या ठिकाणी किंचित जाड, पण तेवढ्याच लांबीचे स्क्रू घेतले. लांब स्क्रू बाहेरची चौकट फोडतो. समोरासमोरचे स्क्रू थोडे-थोडे आवळत नेले. चौकटीच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची छिद्रे मोकळी ठेवली. शेवटी पाण्याची नळी खालून वर फिरवत नेली. त्यामुळे गळती झालीच तर ती नेमकी कोठून, हे समजते.

काच बदलण्याची वेळ आली नाही, हे त्यांचे दैव. वाहनाची कडक केलेली काच तयार झाल्यावर कापता येत नाही. कापू गेल्यास तिचा चुरा होतो. म्हणून नवी काच मापानेच करून घ्यावी लागते. ती आयएस २५५३ या भारतीय मानकाची असावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे. घराच्या खिडकीची साधी काच स्वस्त पडते म्हणून दारात बसवणे धोक्याचे आहे. ती फुटली तर तिचे लांब, धारदार तुकडे होतात.

प्रवास एक दिवस पुढे ढकलावा लागला. खर्च निम्मा-निम्मा नोंदवला गेला, त्यावर वाद झाला नाही. धाकट्याने हिशेबाच्या वहीत एक पान मात्र वेगळे काढले. प्रत्येक महिन्यापुढे दोघांपैकी एकाचेच नाव, आणि त्या महिन्यात दार, टायर, गॅसची जोडणी व पाण्याची टाकी पाहून तारखेसह सही. पहिल्या महिन्यापुढे थोरल्या बंधूंनी आपले नाव स्वतःच्या हाताने लिहिले. आईने वही मागून घेतली, चष्मा लावून पान वाचले आणि ती देवघराशेजारच्या कपाटात, पेढीच्या चोपड्यांजवळ ठेवली.