नथीतून मारलेला तीर

शिमगा सरला, की रत्नागिरीच्या वर्तमानपत्रांच्या पानांवर एक बाई अवतरते. पायघोळ नऊवारी, नाकात मोत्यांची नथ, कपाळी चंद्रकोर, उघडलेल्या तळहातावर एक पिकला हापूस आणि मागे धूसर केलेले कौलारू घर. बागायतदार बदलतो, पेढी बदलते, पेटीचा भाव तर आठवड्याला बदलतो. बाई तीच राहते. अक्षय्य तृतीयेला ती सराफाच्या जाहिरातीत जाते, गणपतीत पैठणीच्या. तिच्याविषयी कोणी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आम्ही ती येथे नोंदवत आहोत.

जाहिरातीविषयी तक्रार म्हटली, की आपल्याकडे पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न असतो : चित्र अश्लील आहे का? १९९५ मध्ये टफ शूजच्या छापील जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे अंगावर बुटांखेरीज काही न घालता अजगराच्या विळख्यात उभे राहिले, तेव्हा केवढा कल्लोळ झाला! मुंबईत खटला गुदरला, अजगराच्या वतीने वन्यजीव संरक्षण कायदा धावून आला, आणि २००९ मध्ये निर्दोष सुटका होईपर्यंत चौदा वर्षे गेली. त्या छायाचित्राची भलामण आम्हांला करायची नाही. बूट विकण्यासाठी नग्नता कशाला, हा प्रश्न रास्तच होता. परंतु त्या चित्रात स्त्री आणि पुरुष सारखेच उघडे, सारखेच उभे होते. एक मालक आणि दुसरी सजावट अशी वाटणी तेथे नव्हती. नथवाल्या बाईच्या जाहिरातीत नेमकी ती आहे. स्त्रियांच्या असभ्य प्रतिरूपणाला मनाई करणाऱ्या १९८६ च्या कायद्याने स्त्रीला हीन लेखणारे चित्रणही आपल्या व्याख्येत घेतले आहे. पण अंगभर पदर दिसला, की कायद्याबरोबर समीक्षाही निर्धास्त होते.

आता मजकूर वाचावा. त्यात बागायतदाराचे आडनाव असते, भ्रमणध्वनी असतो, आजोबांनी कातळ फोडून लावलेल्या कलमांची कथा असते. आजोबा, वडील, मुलगा : पिढ्या मोजल्या जातात त्या पुरुषांच्या. आंबा पुल्लिंगी, हापूस पुल्लिंगी, आणि तो 'फळांचा राजा'. म्हणजे शब्दांत सारे पुरुष आणि चित्रात एकटी बाई. मात्र शब्दांतल्या प्रत्येकाला नाव, नाते अथवा पदवी आहे. चित्रातली अनामिक आहे. राजाला बसायला तळहात हवा, म्हणून ती आहे.

त्या तळहाताकडेच आम्हांला लक्ष वेधायचे आहे. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने 'जेंडर ॲडव्हर्टाइजमेंट्स' (१९७९) या पुस्तकात शेकडो छापील चित्रे तपासून दाखवले, की जाहिरातीतली स्त्री वस्तू घट्ट धरत नाही, वापरत नाही. ती वस्तूला बोटांच्या टोकांनी केवळ स्पर्श करते, तिच्या कडेवरून बोट फिरवते. पकडणे, उचलणे, चालवणे ही पुरुषांच्या हातांची कामे. आपली हापूसवाली या निरीक्षणात चपखल बसते. तिच्या हाताला चीक लागलेला नाही. देठाचा चीक कातडीवर उतरला तर काय होते, हे कोकणात कोणाला सांगायला नको.

आणि प्रत्यक्षातले हात? बागेतली बेणणी करणारे, भरल्या टोपल्या डोक्यावर धरणारे, काजूच्या फॅक्टरीत दिवसभर टरफले फोडणारे. टरफलातले तेल कातडी जाळते, म्हणून कामापूर्वी हातांना तेल किंवा राख चोळावी लागते. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी निवडणारे, खारवणारे हातही याच शहरातले. यांतली एकही बाई जाहिरातीत का येत नाही? शेतात लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले असते. जाहिरातीतली नऊवारी घोट्यापर्यंत उतरते, कारण ती कष्ट न करणाऱ्या घरची आहे. कुणब्याची बाई या चित्रात नाही, दालदी मुसलमान बाई तर असण्याचा प्रश्नच नाही. रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये एका पास्त्याच्या जाहिरातीवर लिहिताना 'इटालियनपणा' कसा रचला जातो ते दाखवले. येथे नथ, कौले आणि आंबा मिळून 'कोकणपण' रचतात. आणि कोकणातली बहुसंख्य माणसे त्या कोकणपणाबाहेर उभी राहतात.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. राज्यात हे प्रमाण एक हजाराच्या खाली होते. यामागे मुंबईच्या गिरण्यांपासून चालत आलेला स्थलांतराचा इतिहास आहे. पुरुष चाकरमानी झाले, मनीऑर्डरी आल्या, आणि मागे शेत, गुरे, म्हातारी माणसे व कोर्टकज्जे बायकांनी सांभाळले. ज्या जिल्ह्याचा संसार स्त्रियांनी एकहाती ओढला, त्याच जिल्ह्याच्या जाहिरातीत ती पाहुण्याची वाट पाहत दारात उभी आहे! (पाहुणा बहुधा मुंबईकर ग्राहक. तिची नजर बागेकडे नसते, त्याच्याकडे असते.)

"हा तर परंपरेचा गौरव," असे सांगितले जाते. कोणत्या परंपरेचा? राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि देवी-नायिकांची रंगीत चित्रे घरोघर गेली. पुढे दिनदर्शिका आल्या, दीनानाथ दलालांची 'दीपावली'ची मुखपृष्ठे आली. आम्हांला दलाल प्रिय आहेत. त्यांच्या रेषेत जीव होता. पण आजच्या जाहिरातीतली नथ आजीच्या पेटीतून आलेली नसून या छापील चित्रांच्या नकलेच्या नकलेतून आली आहे. चित्रपरंपरेलाच लोकपरंपरा म्हणून खपवणे ही जाहिरातीची खरी चलाखी, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तरी तिला फसू नये.

ते फसतात, कारण आपण त्यांना जाहिरात वाचायला शिकवत नाही, लिहायला शिकवतो. दहावीच्या मराठीत जाहिरातलेखन आहे, महाविद्यालयात 'व्यावहारिक मराठी'त ते पुन्हा येते. गुण मिळतात ते आकर्षक मांडणीला आणि लक्षवेधी शब्दांना. कवितेतल्या प्रतिमेवर तासभर बोलणारे आम्ही प्राध्यापक जाहिरातीतल्या प्रतिमेपाशी आलो की तिला 'कौशल्य' म्हणून मोकळे होतो. विद्यार्थीही मग बिनदिक्कत लिहितो : साबणासाठी आई, विम्यासाठी बाबा, आंब्यासाठी नथ.

येत्या हंगामात व्यावहारिक मराठीच्या तासाला अशी एक जाहिरात न्यावी आणि लेखनाऐवजी चारच प्रश्न विचारावेत : हा आंबा झाडावरून कोणी उतरवला, टोपली कोणी वाहिली, अढी कोणी लावली, आणि यांतले चित्रात कोण आहे? नथीकडे त्यानंतर वळावे.