तुझे दोष, तुझंच गिफ्ट!

टेसरॅक्ट म्हटलं की काय आठवतं? तो निळा चमकणारा क्यूब आणि त्यासाठी हाणामारी करणारी अ‍ॅव्हेंजर्स मंडळी, बरोबर? किंवा २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’मध्ये मुलीच्या पुस्तकांच्या कपाटामागे अडकलेला बाप. पण लोकहो, या दोन्हींच्या कितीतरी आधी टेसरॅक्टची सफर एका शाळकरी मुलीने केली होती. चष्मा, दातांना तारा, केसांचं टोपलं आणि शाळेत रोजचा ओरडा. मेग तिचं नाव. मॅडलिन लेंगल या अमेरिकन लेखिकेचं ‘अ रिंकल इन टाइम’ हे तिचं पुस्तक आलं १९६२ मध्ये. म्हणायला लहान मुलांचं. पण नोकरीला लागल्यावर वाचलं तर जास्त झोंबतं!

स्टोरी अशी. मेगचे शास्त्रज्ञ बाबा सरकारच्या एका गुप्त कामावर असताना गायब झालेत. पत्रं बंद. गावात कुजबुज, की कुणा बाईबरोबर पळाले. आईसुद्धा शास्त्रज्ञ. घरातच लॅब, आणि प्रयोग मध्येच सोडवत नाही म्हणून रात्रीचा रस्सा बन्सेन बर्नरवरच शिजतोय. (वर्क फ्रॉम होम, तेही १९६२ मध्ये!) मेगचा पाच वर्षांचा भाऊ चार्ल्स वॉलेस उशिरा बोलायला लागला, म्हणून गाव त्याला ढ समजतं. प्रत्यक्षात तो सगळ्यांचा बाप आहे. एका वादळी रात्री त्यांच्याकडे शाली-मफलरींचं गाठोडं होऊन एक आजीबाई टपकतात, मिसेस व्हॉट्सिट. मग कळतं की या आजीबाई पूर्वी चक्क आकाशातला तारा होत्या. अंधाराशी लढताना त्यांनी आपलं तारापण गमावलं. त्यांच्या दोन मैत्रिणी, मेग, चार्ल्स वॉलेस आणि शाळेतला कॅल्विन असे सगळे बाबांना शोधायला निघतात. रॉकेट नाही, झाडू नाही. थेट टेसरॅक्ट!

आता थोडं सायन्स, घाबरू नका. सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा तारा ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. व्हॉयेजर-१ च्या वेगाने तिथवर जायचं म्हटलं तर साधारण ७५ हजार वर्षं लागतील. म्हणजे रजा सँक्शन होणं अवघड! पुस्तकातल्या बायका यावर सोपा उपाय दाखवतात. समजा, आजीच्या लुगड्याच्या काठावरून एक मुंगी चाललीय. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला तासभर लागेल. पण आजीने दोन्ही टोकं चिमटीत धरून जवळ आणली तर? मुंगीचं एकच पाऊल. कापडाला पडलेली ती सुरकुती म्हणजेच रिंकल. गणितात टेसरॅक्ट म्हणजे चार मितींचा क्यूब. चार्ल्स हिंटन या ब्रिटिश गणितज्ञाने हा शब्द १८८८ मध्येच वापरला होता. लेंगलबाईंनी तो उचलला, चौथी मिती काळाला दिली आणि पाचवीतून मुलांना प्रवासाला पाठवलं. निव्वळ थापा म्हणाल, तर अवकाशाची दोन टोकं जोडणाऱ्या पुलाचं गणित आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्येच मांडलं होतं. त्यातून माणूस पार होऊ शकत नाही, एवढाच काय तो प्रॉब्लेम!

आपल्याकडे लहानपणी कप्पे ठरलेले असायचे. जादू हवी तर ‘चांदोबा’, विज्ञान हवं तर नारळीकर. लेंगलबाई हे कप्पेच मोडून टाकतात. त्यांच्या जादूगारणी मितींचे हिशेब करतात, आणि ते चुकतातही! एकदा त्या मुलांना घेऊन भलत्याच, दोन मितींच्या ग्रहावर उतरतात. तिथे माणसाला जाडीच नाही, मग छाती फुगणार कुठे आणि हृदय धडधडणार कसं? क्षणभर सगळी मुलं कागदासारखी चपटी, श्वास बंद. जादू असो नाहीतर टेक्नॉलॉजी, चालवणाऱ्याकडून घोळ होऊ शकतो, हे मुलांच्या पुस्तकात इतक्या सहज कोण सांगतं?

पण खरी गंमत पुढे आहे. बाबा सापडतात कॅमाझॉट्झ नावाच्या ग्रहावर. तिथे राक्षस नाहीत, लाव्हा नाही. आहे एक नीटनेटकी कॉलनी. सगळी घरं सारखी. प्रत्येक घरासमोर एक मूल. सगळी मुलं एकाच तालात चेंडू आपटतायत, एकाच क्षणी थांबतायत, एकाच क्षणी सगळ्या आया दारं उघडून त्यांना आत बोलावतायत. एका पोराचा चेंडू हातातून निसटतो, तर त्याची आई भीतीने पांढरीफटक पडते. पुढे तेच पोर पुन्हा दिसतं. एका कोठडीत त्याच्याकडून चेंडू तालात आपटण्याची प्रॅक्टिस करून घेतायत, आणि प्रत्येक टप्प्याला त्याला वेदना होतायत. हा ताल ठरवतो एक मोठा थोरला धडधडणारा मेंदू. त्याचं नाव ‘इट’. (इंग्रजीत ते कॅपिटलमध्ये लिहितात. हिंजवडीत ते ‘आयटी’ असं वाचलं जाईल, हा निव्वळ योगायोग.)

‘इट’चं म्हणणं काय, तर इथे सगळे समान आहेत, म्हणून कुणाला दुःख नाही. त्याच्यासमोर उभी असताना मेगच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो, की समान असणं आणि एकसारखं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मराठीत आपण दोन्हींना बिनधास्त ‘सारखे’ म्हणून मोकळे होतो, म्हणून हा फरक जरा थांबून वाचावा असा.

आणि आता ते गिफ्ट. कॅमाझॉट्झवर पाठवताना मिसेस व्हॉट्सिट प्रत्येकाला काहीतरी देतात. मेगला काय मिळतं? तिचे दोष! हट्टीपणा, चटकन येणारा राग, उतावळेपणा. शाळेने ज्याबद्दल तिला शंभरदा झापलं तेच सगळं. अप्रेझल फॉर्ममध्ये ‘एरियाज ऑफ इम्प्रूव्हमेंट’ नावाची चौकट असते ना, ती कुणीतरी उचलून ‘स्ट्रेंग्थ्स’च्या खाली चिकटवावी, तसं. आणि ते दोष कामी येतात. ‘इट’चा ताल अंगात भिनायला लागतो तेव्हा मेग हट्टाने वर्गमुळं आणि मूलद्रव्यांची यादी घोकत स्वतःला वाचवते. गुणी, शहाणी, ऐकणारी मुलगी तिथे दोन मिनिटंही टिकली नसती.

लेंगलबाई मात्र इथेच थांबत नाहीत, म्हणून पुस्तक ग्रेट. बाबा सुटतात, पण चार्ल्स वॉलेस ‘इट’च्या कब्जात तिथेच राहतो. मेग बाबांवर भयंकर चिडते. ज्याला शोधायला एवढा आटापिटा केला, तो बाप सगळं चुटकीसरशी ठीक करू शकत नाही, हे तिला सहनच होत नाही. (तुमच्या आयुष्यात हा क्षण कधी आला होता, आठवून बघा.) शेवटी तिला एकटीलाच परत जावं लागतं. या वेळी राग पुरत नाही. ‘इट’ला राग छान समजतो, द्वेष त्याहून छान. तिच्याकडे असलेली आणि त्याच्याकडे नसलेली गोष्ट कोणती, ते इथे फोडत नाही. फिल्मी वाटेल, पण तोवर पुस्तकाने ते कमावलेलं असतं.

लेखिकेचं स्वतःचं करिअरही काही सरळ रेषेतलं नव्हतं. १९५८ मध्ये चाळिसाव्या वाढदिवशी एका कादंबरीला नकार आला, तेव्हा त्यांनी टाइपरायटर झाकून ठेवला. लेखन बंद! मग रडत येरझारा घालताना लक्षात आलं, की डोक्यात अपयशावरच नवीन कादंबरी सुरू झालीय. झाकण पुन्हा निघालं. ‘रिंकल’ला तर, त्यांच्याच सांगण्यानुसार, २६ प्रकाशकांनी परत पाठवलं. मुलांचं की मोठ्यांचं, सायन्स की जादू, कुणाला कळेना. शेवटी आईसाठी दिलेल्या एका चहापार्टीत कुणीतरी ओळख काढून दिली आणि जॉन फेरार या प्रकाशकाने ते घेतलं. १९६३ मध्ये त्याला न्यूबेरी मेडल मिळालं, मुलांच्या पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला सर्वांत मानाचा पुरस्कार.

एक शेवटची गोष्ट. कॅमाझॉट्झ म्हणजे सोव्हिएत रशिया, असं अनेकांनी धरून टाकलं होतं. पण हस्तलिखितातून वगळलेली काही पानं २०१५ मध्ये उजेडात आली. त्यात बाबा मेगला सांगतात, की हुकूमशाहीसारखाच सुरक्षिततेचा अतिरेकी हव्यासही देशाला कॅमाझॉट्झ बनवू शकतो, अगदी लोकशाहीतसुद्धा. होम लोनच्या वीस वर्षांच्या हप्त्यांवर नुकतीच सही केलेल्यांनी हे वाक्य हळू वाचावं. हप्ते भरायचेच आहेत, नोकरीही करायची आहे, कुणी राजीनामा द्यायला सांगत नाहीये. फक्त मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेंडू एकाच वेळी आपटायला लागले आणि तुमचा निसटला, तर लगेच घाबरून उचलायला धावू नका. बघा तरी, कुठे जातो ते.

ता. क. : २०१८ मध्ये डिस्नेने यावर सिनेमा काढला. ओप्रा विन्फ्रे, रीझ विदरस्पून, मिंडी केलिंग अशी तगडी टीम, दिसायला झक्कास. पण आधी पुस्तक, प्लीज!