मरणाला बाशिंग बांधणं बंद करा

कवींनो, मरणाला नटवणं आता पुरे झालं. नवरदेव, सखा, आई, पाहुणा, नावाडी, गाढ झोप... एवढे वेश चढवले की आत काय आहे ते दिसेनासं झालं. कुठल्याही शोकसभेला जा, कुणीतरी खिशातून कागद काढतो आणि यमाशी जुनी ओळख असल्यासारखं वाचू लागतो. समोर बसलेली बाई नवऱ्याच्या कर्जाचे हप्ते कुठून भरायचे या विवंचनेत असते आणि तिला ऐकवलं जातं की तो पैलतीरावरच्या प्रियेला भेटायला गेला. हा निर्दयपणा आहे. कविता म्हणून तो मी खपवून घेणार नाही.

भा. रा. तांब्यांचं नाव इथे टाळता येत नाही. त्यांची नववधूची कविता लता मंगेशकरांच्या आवाजात घराघरांत पोचली. जीव म्हणजे सासरी जायला बावरलेली मुलगी आणि मृत्यू म्हणजे तिचा वर, असा तिचा अर्थ लावला जातो. कविता सुरेख आहे, हे मान्य. पण तांब्यांचा काळ १८७३ ते १९४१. त्या काळात आपल्याकडे मरण नवरा होऊन येत नव्हतं, नवरा घेऊन जात होतं. मागे उरलेल्या मुलीच्या बांगड्या फुटायच्या. ब्राह्मणाघरची असेल तर न्हाव्यापुढे डोकं द्यायचं, आलवण नेसायचं आणि जन्म माजघरात काढायचा. त्याच काळात खानदेशात बहिणाबाई चौधरी विधवा झाल्या. कुंकू पुसल्यावर, बांगड्या फुटल्यावर बाईच्या हाती काय उरतं, हे त्यांनी ओवीत मांडलं. मरणाची खरी कविता मला तिथे दिसते, कारण तिथे मेलेल्याइतकीच मागे उरलेल्याची दखल आहे.

रूपकच नको, असं मी म्हणत नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात ब्रह्मदेव मृत्यूला स्त्रीरूपात निर्माण करतो आणि प्राण हरायला सांगतो. ती रडते, नाही म्हणते, घोर तप करते. ब्रह्मदेव तिचे अश्रू ओंजळीत धरतो आणि त्याच अश्रूंचे पुढे रोग होतात. इथे मरणाला रूप दिलंय, पण त्याचा भार तसूभरही कमी केलेला नाही. जीव घेणं खुद्द मृत्यूलाही नकोसं आहे. नाशिकचे कवी गोविंद यांनी मरणाकडे सुंदर होण्याची वाट म्हणून पाहिलं. पांगळ्या देहात आयुष्य काढलेल्या माणसाचा तो हक्क होता. धडधाकट माणसाने ती भाषा उचलून मैफल गाजवायची, याला मी चोरी म्हणतो.

माझ्या वडिलांच्या शेवटच्या रात्री मी उशाशी होतो. घशात घरघर लागली होती. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ओठांवर फिरवायचा, थोड्या थोड्या वेळाने कूस बदलायची. पाठीवरची जखम चिघळली होती, तिचा वास खोलीभर होता. आधी तळवे गार पडले, मग पोटऱ्या. कुणीही न्यायला आलं नाही. एक शरीर आपलं एकेक काम थांबवत गेलं आणि पहाटे सगळंच थांबलं. एवढं साधं, एवढं भयंकर. ते लिहायची हिंमत नसेल, तर निदान त्यावर अत्तर शिंपडू नका.

कारण या अत्तराने गुन्हेगार झाकले जातात. मरण हा कुणी येणारा-नेणारा ठरला की मारणारे आपोआप सुटतात. केशवसुत १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून येतो, कुणाच्या बोलावण्यावरून नाही. आजही गटारात उतरलेला सफाई कामगार विषारी वायूने गुदमरतो आणि बातमीत 'काळाचा घाला' येतो. काळ कुठला? हाताने मैला काढायला लावणं कायद्याने बंद आहे. सेप्टिक टँक आणि गटारात संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यालाही २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. तरी त्याला मास्कशिवाय आत सोडणारा कंत्राटदार आहे, कामाकडे पाठ फिरवणारा अधिकारी आहे. खड्ड्यात दुचाकी घसरली की 'नियतीची झडप', पाऊस दडी मारून सावकार दारात आला आणि शेतकऱ्याने विष घेतलं की 'मृत्यूला कवटाळलं'. ही भाषा कवितेतूनच वर्तमानपत्रात उतरली आणि तिथे ती जबाबदारांच्या कामी येते.

मर्ढेकरांनी पिंपात मेलेले उंदीर कवितेत आणले, तेव्हा नाकं मुरडली गेली. मला त्या उंदरांत साऱ्या नवरदेवांपेक्षा जास्त माणुसकी दिसते. मरणावर लिहायचं तर तसं लिहा. कोण मेलं, कशाने मेलं, कुणामुळे मेलं आणि त्याच्या घरात उद्या चूल कोण पेटवणार, हे चार प्रश्न आधी स्वतःला विचारा. उत्तरं ठाऊक नसतील, तर शोकसभेत कविता वाचायला उभे राहू नका.